तत्त्वज्ञानाचं प्रॅक्टिकल

शिमगा उलटला की पारनेरच्या रस्त्यांवर बोअरच्या गाड्या दिसायला लागतात. दूर दक्षिणेकडच्या नंबरप्लेटा, टपावर वाळत घातलेल्या लुंग्या, मागे एकावर एक रचलेले लोखंडी रॉड. गाडी एखाद्या बांधाला उभी राहते आणि मग दिवसभर तो आवाज चालतो, खडकात लोखंड घुसतानाचा, दाताच्या मुळाशी जाऊन बसणारा. आसपासच्या झाडांवर करडी पूड साचते. कडुलिंब नेमका तेव्हाच फुललेला असतो. त्यामुळे माझ्या मनात त्या फुलांचा वास आणि दगडाच्या पुडीचा वास असे काही मिसळून गेलेत, की पुण्यात विद्यापीठाच्या आवारात कडुलिंबाखालून जाताना मला घशात धूळ गेल्यासारखं वाटतं.

यंदा मार्चमध्येच गावी येताना सुप्याच्या पुढे अशा दोन गाड्या दिसल्या. मी मोटारीची काच खाली केली आणि तो आवाज आत येऊ दिला. कोणाला कोकीळ ऐकून गाव आठवत असेल. मला बोअरच्या गाडीचा आवाज ऐकून माझा विषय आठवतो.

माझा विषय म्हणजे विज्ञानाचं तत्त्वज्ञान. आमच्या घरात हे अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. आई लोकांना सांगते, सुनंदा कॉलेजात शिकवते, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा ठेवायला उठते. मावशीने मात्र एकदा मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, विज्ञान शिकवतेस का तत्त्वज्ञान, काहीतरी एक सांग. मी म्हटलं, एखादी गोष्ट आपल्याला माहीत आहे असं आपण म्हणतो, ती कशावरून, हे विचारायचं माझं काम. मावशीने थोडा विचार केला आणि म्हणाली, ते तर तुझी आजी पण विचारायची, तिला कोणी प्रोफेसर केलं नाही.

मला प्रोफेसर केलं ते साळवे सरांनी. किंवा एका उन्हाळ्याने केलं. या दोन गोष्टी मला आता वेगळ्या काढता येत नाहीत.

तेव्हा मी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, फिजिक्स घेऊन. साळवे सर तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख होते आणि विभागात दुसरं कोणी नव्हतं. जिन्याखाली उतरत्या छपराची एक खोली होती. तिथे उभं राहायचं तर सरांना मान वाकवावी लागायची, म्हणून ते कायम बसलेले असायचे. सर घोडेगावकडचे. वडील शुगर फॅक्टरीत कामाला होते, आजोबांच्या पिढीत घर बौद्ध झालेलं. आधी विज्ञानाची पदवी, मग तत्त्वज्ञान, मग पुण्यात पीएच.डी. पुरावा कशाला म्हणायचं, एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी तारुण्यातली चांगली वर्षं घालवली होती. त्यांचे निबंध परदेशातल्या नियतकालिकात छापून आले होते. पुण्या-मुंबईत जागा निघाली नाही, पारनेरला निघाली, आणि ते आले. एवढा शिकलेला माणूस इथे जिन्याखाली काय करतोय, असं आम्हाला तेव्हा वाटलंही नाही. जिन्याखाली जे बसतात ते साळवे सर, इतकंच.

बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणारी मुलं दर वर्षी कमी होत चालली होती. सरांचा वर्कलोड भरावा म्हणून प्राचार्यांनी त्यांना आमच्या सायन्सच्या वर्गावर शनिवारचा एक तास दिला. परीक्षा नाही, मार्क नाहीत. निम्मी मुलं त्या तासाला एसटी स्टँडवर असायची. मी बसायचे, कारण माझी बस उशिरा होती. पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, पृथ्वी फिरते हे तुम्हाला कशावरून माहीत. आम्ही म्हटलं, पुस्तकात आहे. सर म्हणाले, तुमच्या आजोबांच्या पुस्तकात ती फिरत नसती तर? त्या दिवशी घरी जाताना मी बसच्या खिडकीतून मावळतीकडे बघत राहिले आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की मी सूर्याला खाली जातानाच बघतेय. दुसरं काही मी कधी पाहिलेलंच नाही.

एकदा कोणीतरी मागच्या बाकावरून म्हणालं, सर, तुमच्या विषयाला प्रॅक्टिकल नसतं ना? सगळे हसले. सरही हसले. म्हणाले, असतं, पण त्याला साहित्य मिळत नाही.

त्या उन्हाळ्यात साहित्य मिळालं.

पाऊस दोन वर्षं पडल्यासारखा करून गेलेला. ज्वारीची काढणी लवकरच उरकली होती, कडबा नेहमीच्या निम्मा. कांदा साठवणीच्या चाळीत गेला तोही लिंबाएवढा. हॉस्टेलवर टँकर यायचा तेव्हा मुली बादल्या घेऊन जिन्यापर्यंत रांग लावायच्या. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा तालुका आबा म्हणायचा, ते स्वतः येऊन बघून गेले आणि म्हणाले, कॉलेजच्या आवारात बोअर घेऊ. आबा माणूस चांगला. मुलींचे हाल त्यांना खरोखर बघवले नव्हते. त्यांनी गाडी ठरवली आणि पाणी बघायला काष्टीकडून दगडूनानांना बोलावलं.

दगडूनाना म्हणजे पाणाड्या, जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस. साठीचे असतील. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, आणि बोलणं इतकं कमी, की समोरच्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, शेंडी बोटांकडे, आणि रानातून सावकाश चालायचं. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. आमच्या भागात हे कोणाला नवीन नव्हतं. माझ्या वडिलांनी आमची विहीर अशाच एका नारळावर खोदली होती.

साळवे सर आबांना जाऊन भेटले. विरोध करायला नव्हते गेले. आपण बोअर घेणारच आहोत, तर त्याआधी नारळाची एक परीक्षा घेऊ द्या, मुलांना शिकायला मिळेल, एवढंच त्यांनी सांगितलं. आबांनी दगडूनानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, घ्या की. डोळं बांधा न्हाईतर काय बी करा.

प्रॅक्टिकलच्या परीक्षा संपल्या त्याच आठवड्यातली सकाळ होती. ऊन अजून भिंतीवरून खाली उतरायचं होतं. हॉस्टेलमागच्या मैदानावर शिक्षक, शिपाई, पोरं, गावातली चार मोठी माणसं, सगळी जमली. नाना आधी उघड्या डोळ्यांनी फिरले. कडुलिंबाजवळ नारळ उभा राहिला. मी तो अगदी जवळून पाहिला. तळहातावर आडवा पडलेला नारळ हळूहळू शेंडी वर करून उभा राहतो तेव्हा अंगावर काटा येतो, तुम्ही काहीही शिकलेले असा. दुसऱ्यांदा तो कंपाउंडच्या कोपऱ्यात उभा राहिला. दोन्ही ठिकाणी खुणा केल्या.

मग सरांनी नानांचंच उपरणं घेऊन त्यांचे डोळे बांधले आणि मला म्हणाले, सुनंदा, तू हात धर. मी नानांचा कोपर धरला. त्यांना गोल फिरवून, उलटसुलट नेऊन मी मैदानात चालवायला लागले. त्यांचा हात उन्हात तापलेल्या लाकडासारखा होता आणि बारीक थरथरत होता. ते मनातल्या मनात काहीतरी म्हणत होते. नारळ उभा राहिला की ते थांबायचे, म्हणायचे, हितं. मागून एक मुलगा खुंटी ठोकायचा आणि आम्ही पुढे निघायचो. असं बराच वेळ चाललं.

उपरणं सोडलं तेव्हा ऊन पार मैदानात आलं होतं. खुंट्या सगळीकडे होत्या. कडुलिंबाजवळ एकही नव्हती. कोपऱ्यातही नव्हती. एकीजवळ दुसरी आली असेल तर ती योगायोगानेच.

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं आमची पोरं टाळ्या वाजवतील, पण नानांचा चेहरा बघून कोणाचा हात वर आला नाही. मग गर्दीतून कारणं यायला लागली. उपरणं घट्ट बांधलं होतं. अमावस्या जवळ आलीय. आणि मग मागून एक आवाज आला, शांतपणे, समजावल्यासारखा: "पोरीच्या जातीनं हात धरला. इटाळ चालत न्हाई याला."

माझा हात अजून नानांच्या कोपराला होता. मी तो काढून घेतला. कुठे ठेवावा ते कळेना, ओढणीत गुंडाळला.

मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. राग म्हणता येणार नाही. आपल्याला फार लहानपणापासून ओळखणारं कोणीतरी अचानक समोर यावं, तसं काहीतरी. त्या एका शब्दाशी त्यांच्या घराची किती पिढ्यांची ओळख असेल, हे मला कळायला पुढे बरीच वर्षं लागली. सर पुढे आले आणि एवढंच म्हणाले: "मग परत करू. या वेळी हात मी धरतो."

ज्याच्या त्याच्या डोक्यात काय चाललंय ते ज्याला त्याला ठाऊक होतं, आणि ते कोणीच बोलणार नव्हतं. आबा खाली मातीकडे बघत होते. तेवढ्यात दगडूनानांनी आपलं आपण उपरणं डोळ्यांवर घेतलं, मागे गाठ मारली आणि मोकळा हात हवेत पुढे केला.

"धरा सर," ते म्हणाले.

सरांनी हात धरला. दोघं मैदानातून चालायला लागले, एक उंच, एक ठेंगणा, मधे तो नारळ. इतक्या वर्षांत मी कितीतरी परिषदा पाहिल्या, मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली. पण सत्य शोधणं म्हणजे काय असं कोणी विचारलं, तर माझ्या डोळ्यांसमोर ते दोघं चालताना येतात.

या खेपेलाही खुंट्या विखुरल्या. नवीन कारण कोणी दिलं नाही. सरांनी नानांना बाकावर बसवलं, चहा मागवला, स्वतः शेजारी बसले. नाना म्हणाले, मी हलवत न्हाई सर, त्यो खरंच उभा राहतोय. सर म्हणाले, मला माहीत आहे. तुम्ही खोटं बोलत नाही. पण खरं बोलणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं. आपण दुसरं तपासत होतो. नानांनी बशीतला चहा संपवला.

आबांनी शब्द दिलेला होता, गाडी ठरलेली होती. बोअर पहिल्या खुणेवर, कडुलिंबाजवळ घ्यायची ठरली.

त्या दिवशीचा आवाज मला अजून आठवतो, कारण त्या आवाजात मी माझ्या गुरूच्या बाजूने उभी होते आणि पाणी लागू नये असं मला वाटत होतं. हॉस्टेलच्या मुली गच्चीवर जमल्या होत्या. त्यांच्यात माझ्या मैत्रिणी होत्या, ज्यांनी महिनाभर धड केस धुतले नव्हते. आणि मी खाली उभी राहून मनात म्हणत होते, कोरडं जाऊ दे. आधी करडी पूड उडाली, मग तांबूस. मग पुडीचा चिखल झाला. आणि मग कडुलिंबाच्या शेंड्यापर्यंत पाण्याचा फवारा गेला. गच्चीवरून मुलींचा असा आवाज उठला, की मीही ओरडले. माझ्याही नकळत. मैदानात सगळे भिजत होते. कोणीतरी नानांना खांद्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. आबा मोठ्या मनाचे होते, पण तालुक्याचे पुढारीही होते. सगळ्यांसमोर हसत म्हणाले, आता साळवे सरांनी दोन शब्द बोलावेत. लोक हसले. सर उठले. मला वाटलं, काहीतरी गोड बोलून बसतील. बसता आलं असतं. विभाग वाचवायचा होता, जून तोंडावर होता, आणि आबांच्या एका फोनने पुष्कळ गोष्टी होत असत.

"पाणी लागलं याचा मला फार आनंद आहे," सर म्हणाले. "नारळामुळे लागलं का, ते मला अजून माहीत नाही."

एवढं बोलून ते खाली बसले. आबा हसले, पण ते हसू आधीच्यासारखं नव्हतं.

पुढचे आठवडे पोरांनी सरांना फार छळलं. जिन्याखालच्या खोलीच्या दाराशी कोणीतरी नारळ ठेवून जायचं. फळ्यावर नारळाचं चित्र काढलेलं असायचं. सर ते पुसत नसत, त्याच्या शेजारी लिहायला सुरुवात करत. आम्हाला त्यांनी विचारलं, आवारात दुसरीकडे कुठेही बोअर घेतली असती तर पाणी लागलं नसतं, हे आपल्याला माहीत आहे का? नाही. मग एका पाण्याने काय कळलं? मी हात वर करून म्हटलं, काहीच नाही कळलं सर. ते म्हणाले, थोडं कळलं. तिथे पाणी आहे हे कळलं. पोरी अंघोळ करतायत, ते विसरू नकोस.

ते शेवटचं वाक्य माझ्यासाठीच होतं, हे मला कळून चुकलं. पाणी लागू नये असं मला वाटलं होतं ते त्यांना कसं समजलं, कोण जाणे. पण त्यांनी ते चारचौघांत सांगितलं नाही आणि एकांतातही कधी विचारलं नाही.

मेच्या अखेरीस मी सरांच्या खोलीवर गेले होते. गावात त्यांनी एक वरची खोली भाड्याने घेतली होती, पुस्तकं खाटेखाली, खाटेवर, खिडकीत. आम्ही बोलत होतो आणि जिन्यावर चपला वाजल्या. दगडूनाना होते. काष्टीहून एसटी बदलत आलेले, घामाने डबडबलेले, हातात पिशवी. बसले, पाणी प्यायले. बोअर लागल्यापासून चहूकडून बोलावणी येत होती, सगळीकडे मान मिळत होता, असं त्यांनी सांगितलं, पण त्यात आनंद नव्हता.

"सर, पानी लागलं ते खरं," ते म्हणाले. "डोळं बांधल्यावर चुकलं ते बी खरं. मला परत बघायचंय. मानसं नगं."

सर पुस्तकं बाजूला सारून त्यांच्यासमोर बसले. मग म्हणाले, अशी जागा पाहिजे जिथलं उत्तर आधीच माहीत आहे. तुम्हाला नको, पण कोणाला तरी. मी म्हटलं, आमच्या रानात आहे. विहिरीपासून टाकीपर्यंत जमिनीखालून पाइपलाइन गेली होती, ती वळणं घेत, नांगर पोचतो त्याच्याही खालून, वरून काही दिसायचं नाही. नेमकी कुठून गेली ते फक्त माझ्या वडिलांना माहीत होतं.

वडील आधी कुरकुरले. आपली विहीर नारळावर लागलेली, आता त्याची झडती कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण पाहुणे दारात आलेले. त्यांनी मोटार चालू केली. विहिरीत थोडंच पाणी होतं, पण ते पाइपातून जात होतं, टाकीत पडल्याचा आवाज दुरून येत होता. नाना ढेकळांतून उघड्या डोळ्यांनी चालायला लागले. त्यांनी घाई केली नाही. रान उभं-आडवं पालथं घातलं. चार जागा दाखवल्या. वडील बांधावर बसून होते. त्यांनी मान हलवली. चारही नव्हेत.

मग नाना म्हणाले, दावा. वडील उठले आणि पाइपवरून पायाने रेघ ओढत गेले. नाना त्या रेघेवर जाऊन उभे राहिले, नारळ तळहातावर आडवा ठेवला. तो हळूहळू उभा राहिला.

त्यांनी रेघेवरून पाय उचलला, दोन पावलं बाजूला झाले. नारळ आडवा झाला. परत रेघेवर आले. परत उभा राहिला. असं त्यांनी किती वेळा केलं, मला आठवत नाही. ऊन चढलं होतं, आई भाकरी झाल्या म्हणून दारातून हाक मारत होती, आणि तो माणूस एका रेघेच्या अलीकडे-पलीकडे होत होता, लहान मूल पाण्यात पाय घालून बघतं तसा. शेवटी ते थांबले.

"म्हंजी त्याला न्हाई कळत," नाना सावकाश म्हणाले. "मला कळल्यावर त्याला कळतं."

मी पुढे परदेशात शिकायला गेले तेव्हा तिथल्या ग्रंथालयात या गोष्टीवर लिहिलेलं पुष्कळ वाचलं. आपल्याला जे माहीत असतं ते आपल्याच हातातून, आपल्याला कळू न देता, कसं बाहेर येतं, त्यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. त्यातलं एकही वाक्य इतकं सरळ नव्हतं. आणि ते लिहिणाऱ्यांपैकी कोणाला त्या वाक्यासाठी आपला जन्मभराचा मान पणाला लावावा लागला नसेल.

नाना हातपाय धुऊन ओट्यावर येऊन बसले. नारळ त्यांनी आईकडे दिला. आईने तो दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, हा फोडू? नाना म्हणाले, फोडा की, नारळच हाय. आईने चटणी केली. जेवताना त्यांनी वडिलांशी बैलांच्या गोष्टी काढल्या आणि दोन भाकरी खाल्ल्या. जाताना सरांना नमस्कार करायला वाकले, तर सरांनी त्यांना वरच्यावर धरलं आणि दोघंही थोडे गोंधळले.

त्यानंतर नाना बोलावणं आलं की जायचे, पण आधी सांगायचे, बाबा, मला यातलं काय बी कळत न्हाई, नारळाला बी न्हाई, तुमी भूजलवाल्यांना इचारा. लोकांना वाटायचं, केवढा विनय आहे माणसात. त्यामुळे त्यांना आणखीच बोलावणी यायला लागली. हे त्यांनी स्वतः सरांना सांगितलं होतं, हताश होऊन. सर मला ते सांगताना हसायचे.

जूनमध्ये बी.ए.च्या तत्त्वज्ञानाला एकही प्रवेश झाला नाही. विभाग बंद झाला, सर अतिरिक्त ठरले. काही महिने त्यांना कुठेच जागा नव्हती, रोज येऊन जिन्याखाली बसायचे. मग त्यांचं समायोजन नेवाशाकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात झालं, तिथे ते निवृत्त होईपर्यंत अकरावी-बारावीला तर्कशास्त्र शिकवत राहिले. पूजेतल्या त्या वाक्यामुळे हे झालं का? कॉलेजात सगळे तसंच म्हणायचे. मीही म्हणायचे. सरांना एकदा तसं बोलले तर ते म्हणाले, प्रवेश शून्य होते, ते तर तू पाहिलंस. बाकीचं तुला कशावरून माहीत? त्यांच्यावर झालेला अन्यायसुद्धा पुराव्याशिवाय ते मान्य करत नसत. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

कडुलिंबाजवळच्या त्या बोअरला अजून पाणी आहे. मागच्या वर्षी मी एका कार्यक्रमाला गेले होते, मुली तिथे भांडी घासत होत्या. मी आमच्या क्षेत्रातल्या लोकांना ही हकिकत सांगते तेव्हा ते वाट बघत असतात, की शेवटी ती बोअर आटली असं मी सांगेन. ती आटली नाही. त्याला मी काय करू.

फिजिक्स सोडून मी तत्त्वज्ञानाला गेले तेव्हा वडील महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग शिष्यवृत्ती, पीएच.डी., दोन वर्षं परदेश, पुण्यात नोकरी. मी माझं एक पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य युक्तिवाद आमच्या छोट्याशा जगात बऱ्यापैकी नावाजला गेला. लोक त्याला माझ्या नावाने ओळखायला लागले. आमच्या धंद्यात यापेक्षा जास्त काही मिळत नाही, आणि मला ते मिळालं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात, मी हे लिहितेय त्याच्या काही आठवडे आधी, माझ्याकडे पीएच.डी. करणारी तहसीन माझ्या खोलीत आली. नगरची मुलगी, वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. मान खाली घालून म्हणाली, मॅडम, तुमच्या युक्तिवादात तिसऱ्या पायरीवर मला एक अडचण वाटतेय, बहुतेक मीच चुकतेय. तिने लिहून आणलं होतं. मी वाचलं. ती चुकत नव्हती.

त्या दिवशी मी जेवले नाही. घरी येऊन मी कारणं शोधायला बसले. तिने माझ्या शब्दाचा अर्थ फार ताणून घेतलाय. पुस्तकात तो मुद्दा तळटीपेत येऊन गेलाय. उदाहरणच मुळात अवास्तव आहे. एकेक कारण तयार करत होते आणि ते तयार करताना मला स्वतःचा आवाज मैदानातल्या त्या गर्दीसारखा ऐकू येत होता. पण आवाज ऐकू येऊनही थांबता येत नव्हतं. जे मी जन्मभर शिकवलं, ते करायची वेळ आली तेव्हा मी पळवाटा शोधत होते.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. आता ते घोडेगावलाच असतात, त्यांच्या धाकट्या भावाच्या घराशेजारी. ऐकायला जरा कमी येतं. मी सगळं सांगितलं, दोनदा मोठ्याने सांगितलं. मला वाटलं ते धीर देतील. त्यांनी विचारलं, मुलीचं नाव काय? मी सांगितलं. कुठली? सांगितलं. मग म्हणाले: "तिला घेऊन ये. जेवायलाच या दोघी."

रविवारी आम्ही गेलो. रस्त्यात तहसीन घाबरलेली होती. माझ्याकडे बघायचं टाळत होती आणि मीही तिच्याकडे. सर दारात उभे होते, खूप वाळलेले, डोळे तसेच. त्यांच्या भावजयीने पिठलं-भाकरी केली होती. जेवण होईपर्यंत सरांनी विषय काढला नाही, तिच्या वडिलांच्या घड्याळांबद्दलच विचारत राहिले. मग हात धुऊन आले, खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसले, कान तिच्याकडे केला आणि म्हणाले, आता सांग.

ती सांगायला लागली. सरांना कळलं नाही. त्यांनी मान हलवली, परत सांग म्हणाले. तिने परत सांगितलं, जरा सोपं करून. तरी त्यांना एका ठिकाणी अडलं. मी मधे तोंड घालणार होते, तर त्यांनी हाताने मला थांबवलं. तिसऱ्यांदा सांगताना तहसीनने शास्त्रातले शब्दच टाकून दिले. समोरच्या ताटलीतले शेंगदाणे घेऊन फरशीवर मांडले, माझा युक्तिवाद एकीकडे, तिची अडचण एकीकडे, आणि घरच्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. सर वाकून बघत होते. एकदम त्यांनी मांडीवर थाप मारली आणि हसायला लागले, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तहसीनही हसायला लागली.

मी फरशीवर बसले होते. इतके दिवस मला माहीत होतं की मी चुकलेय. कुठे चुकले, ते मला त्या वेळी पहिल्यांदा नीट कळलं. मी तहसीनला म्हटलं, परत एकदा दाखव.